मागं कोण बसणार?

दसऱ्यापासून आमच्या घरात एकच विषय चाललाय. गाडी.

जुनी गाडी चौदा वर्षांची झाली. २२ सप्टेंबरपासून चार मीटरच्या आतल्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आणि आमच्या दादाला धीर निघेना. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो शेती बघतो, मी विट्यात राहून बातम्या बघतो. घर एकच, चूल एकच. त्यामुळं गाडीही एकच.

दोन नावं शिल्लक राहिली. दादाची बोलेरो आणि पुतण्याची नेक्सॉन. एक नाशकात बनते, दुसरी पुणे जिल्ह्यात रांजणगावला. दोन्ही चार मीटरच्या आत, दोन्हींवर कर सारखाच, आणि आम्ही बघत होतो त्या मॉडेलांच्या किमतीतही फार अंतर नाही. मग भांडण कशावरून? बोलेरोत सात माणसं बसतात, नेक्सॉनमध्ये पाच. आणि आम्ही घरात मोजून सात आहोत. आई, दादा, वहिनी, मी, बायको, पुतण्या आणि माझी लेक.

(आधीच सांगतो, ही कुठल्या कंपनीची जाहिरात नाही. दोन्ही कंपन्यांनी मला साधं कॅलेंडरसुद्धा दिलेलं नाही. कॉमेंटमध्ये 'पाकीट मिळालं का' विचारणाऱ्यांनी चहा पाजावा.)

पण पंधरा दिवस हा वाद ऐकताना जाणवलं, की हा वाद आपल्या भागात गेली सत्तर-पंच्याहत्तर वर्षं चालू आहे. गाड्यांची नावं तेवढी बदलली. आणि एक प्रश्न आपण या सगळ्या वर्षांत कधी विचारलाच नाही. त्यावर ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात जीपपासून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेसाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी जीप बनवली. रस्ता नसेल तिथंही चालावी, बिघडली तर जवानानंच पाना घेऊन दुरुस्त करावी, एवढीच अपेक्षा. इकडं १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी काढली, ती पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. इकडं कंपनीचं नाव १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याच्या आधीच, १९४७ पासून, कंपनीनं मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली होती.

ही जीप खेड्यात पहिल्यांदा आली ती सरकारी म्हणून. आमचे आण्णा सांगायचे, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर लांबून धुरळा दिसला की मुकादम ओरडायचा, "जीप आली, जीप आली!" म्हणजे साहेब आले. पुढच्या सीटवर साहेब, मागच्या आडव्या बाकावर तलाठी, ग्रामसेवक आणि एखादा शिपाई. गाडीत कोण कुठं बसतो यावरून माणसाची पायरी कळते, हे आपण त्या जीपकडूनच शिकलो. हे पुढं लक्षात ठेवा.

त्या काळात सामान्य माणसाची गाडी म्हणजे एसटी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली आणि पुढं 'गाव तिथं रस्ता, रस्ता तिथं एसटी' हे ब्रीद झालं. खरंच झालं बरं का! ज्या वाडीत वीज उशिरा आली तिथं मुक्कामाची गाडी आधी आली. पण दिवसातनं दोन खेपा. सकाळी एक, संध्याकाळी एक. मधल्या वेळात आजारी पडलात, बाजारात उशीर झाला, लेकीला सासरी पोचवायचंय, तर काय? चाला.

या मधल्या वेळेनंच वडाप जन्माला घातलं.

आपल्याकडं वडाप, मराठवाड्या-विदर्भात काळी-पिवळी. कागदावर 'अवैध प्रवासी वाहतूक'. १९७९ मध्ये महिंद्रानं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार केला. पेट्रोल पिणारी जीप धंद्याला परवडत नव्हती, डिझेलवर ती परवडू लागली. मग कमांडर आली, बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली. पुढं ड्रायव्हर आणि दोन-तीन जण, मागं समोरासमोर दोन आडवी बाकं. बाकावर किती माणसं बसतात याला कंपनीचं उत्तर वेगळं आणि स्टँडवरच्या पोराचं वेगळं. "सरका वो मामा, आणखी एक बसतंय." आपण सगळे सरकलोय. शाळा-कॉलेजला जाताना मीही बोनेटपासून मागच्या फुटबोर्डापर्यंत सगळीकडं बसलोय, लोंबकळलोय. त्या वडापनं या तालुक्यातल्या हजारो पोरींचं कॉलेज पुरं केलं, हेही विसरू नका. वडापला नुसती शिवी देणं सोपं आहे. पण ते एसटीच्या दोन खेपांच्या मधलं रिकामं भोक बुजवत होतं.

आता सुमो. १९९४ साल.

टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. आधी रेल्वे इंजिनं, मग १९५४ पासून डाइमलर-बेंझच्या मदतीनं ट्रक, साठीच्या दशकात पुण्यात कारखाना. तो उभा करणारा माणूस सुमंत मुळगावकर. त्यांच्या नावातलं 'सु' आणि आडनावातलं 'मू' घेऊन गाडीला सुमो नाव दिलं. जपानी पैलवानांशी त्याचा संबंध नाही, जरी गाडी दिसायला तशीच होती. मुळगावकर १९८९ मध्येच गेले, त्यामुळं आपल्या नावाची गाडी त्यांनी पाहिली नाही.

सुमोनं काय केलं? जीपमधल्या ताडपत्रीच्या जागी लोखंडी छप्पर दिलं, काचा दिल्या, आणि पहिल्यांदाच मध्यमवर्गीय शेतकरी कुटुंबाला वाटलं की ही सरकारी गाडी नाही, वडापही नाही, ही 'घरची' गाडी होऊ शकते. आणि दहा माणसं बसायची! पुढं, मधे, आणि मागं तीच समोरासमोर आडवी बाकं. महिंद्राची आर्माडा तेव्हा बाजारात होतीच. पारावर वाद सुरू झाला, सुमो की आर्माडा? पुण्याची की नाशिकची? या जोडीची पुढची पिढी म्हणजे १९९८ ची सफारी आणि २००२ ची स्कॉर्पिओ. मधे २००० साली आर्माडाच्याच घराण्यातली बोलेरो आली. टोयोटाची क्वालिस त्याच वर्षी आली आणि पाच वर्षांत गेलीही. पण आपल्या भागात खरी कुस्ती कायम पुणे विरुद्ध नाशिक अशीच झाली.

राजकारणाचा इतिहास लिहायचा तर या गाड्यांवरून लिहिता येईल. कारखान्याच्या चेअरमनची अॅम्बॅसडर गेली, सुमो आली. सुमो कार्यकर्त्यांकडं गेली तेव्हा साहेब सफारीत बसले. कार्यकर्ते स्कॉर्पिओत आले तेव्हा साहेब फॉर्च्युनरमध्ये. उतरलेली गाडी एक पायरी खाली जाते आणि खालचा माणूस एक पायरी वर चढल्यासारखं वाटतं. आपले गलाईवाले दिवाळीला तामिळनाडू, केरळ, पंजाबवरनं गावी येतात, तेव्हा कुणाच्या दारात कुठल्या पासिंगची कुठली गाडी लागली हे बघायला पोरं मुद्दाम चक्कर मारतात. टेंभूचं पाणी आलं, द्राक्ष-डाळिंबाचे चार पैसे हातात आले, त्यानंतर घराला रंग आधी लागला की गाडी आधी आली, हे तुम्हीच आठवा.

या सगळ्यात गाडी निवडताना आपण काय विचारलं? माणसं किती बसतात. अॅव्हरेज काय देते. पत्रा जड आहे का. विकताना किती येतील. मेकॅनिक गावात मिळतो का. हे सगळे प्रश्न बरोबरच होते, कारण रस्ते तसे होते आणि खिसा तसा होता.

आणि निम्मी निवड तर आपली नव्हतीच. ती दिल्लीतनं व्हायची. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरनं १६ टक्क्यांवर आणलं. अटी तीन: लांबी ४००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून देशातल्या गाड्यांची मापं इंजिनियरइतकीच अर्थमंत्र्यानं ठरवली. बोलेरोचंच बघा. मूळ बोलेरो ४१०७ मिलिमीटर लांब आणि अडीच लिटर इंजिनाची. २०१६ मध्ये बंपर वगैरे कमी करून तिची ३९९५ मिलिमीटरची आवृत्ती काढली आणि इंजिन दीड लिटरचं बसवलं. अकरा सेंटिमीटर गेले ते करापोटी. डिझेल स्वस्त होतं म्हणून डिझेल गाड्या घेतल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारनं मोकळे सोडले आणि तो हिशेबही बदलला. आपण पारावर बसून 'मी निवडली' म्हणत होतो.

आता तो प्रश्न, जो आपण विचारला नाही.

सन १९९६. मी दहावीत होतो. खरसुंडीला सिद्धनाथाच्या दर्शनाला घरची सगळी निघालो होतो. भाड्यानं जीप केली होती. कुठल्या कंपनीची ते सोडा, त्यात तिचा दोष काही नाही. पुढं आण्णा आणि थोरले चुलते. मधे आत्याचे यजमान आणि पाहुणे मंडळी. मागच्या आडव्या बाकांवर आज्जी, आई, काकू आणि आम्ही पोरं. कुणी ठरवलं नव्हतं, तशीच पद्धत. बाप्यांनी पुढं, बायका-पोरांनी मागं. आज्जी घरात सगळ्यांत मोठी, देवाला पहिला नारळ तिच्या हातचा. पण गाडीत तिची जागा मागं, स्टेपनीशेजारी.

वाटेत वळणावर म्हैस आडवी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. गाडी कशालाही धडकली नाही. म्हैससुद्धा वाचली. पुढं बसलेल्यांना धक्का जाणवला तेवढाच. मागं आज्जी बाकावरनं घसरली आणि पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर आदळून खाली पडली. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला नेलं. आज्जी त्यानंतर सहा वर्षं जगली, पण उंबऱ्याबाहेर स्वतःच्या पायानं गेली नाही.

अपघात झालाच नव्हता, त्यामुळं तक्रार नाही, पंचनामा नाही, बातमी नाही. घरात सगळे म्हणायचे, "देवाचं बोलावणं होतं, वाटेत विघ्न आलं." म्हशीला दोष दिला, ड्रायव्हरला दिला, नशिबाला दिला. बाकाला कुणी दिला नाही. आणि आज्जीला मागं कुणी बसवलं, हे तर कुणी बोललंच नाही.

पुढं पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी तालुका बातमीदार झालो. पहिल्या दहा वर्षांत वडाप आणि जीपच्या अपघातांच्या किती बातम्या लिहिल्या याचा हिशेब नाही. मथळे ठरलेले, 'जीपचा चक्काचूर', 'काळाचा घाला', 'वऱ्हाडाच्या गाडीला अपघात'. मृतांची नावं, वय, गाव. जखमींची नावं. ड्रायव्हरवर गुन्हा दाखल. झाली बातमी. गेल्या आठवड्यात जुनी कात्रणं काढून बसलो. एकाही बातमीत मी लिहिलेलं नाही, की मेलेला माणूस गाडीत कुठं बसला होता. एकाही! मी कधी विचारलंच नाही. ज्याच्या घरात आज्जी सहा वर्षं पलंगावर होती त्या माणसानं विचारलं नाही, तर दुसऱ्याला काय बोलू?

पण त्याच कात्रणांत मृत आणि गंभीर जखमींच्या यादीत बायकांची आणि पोरांची नावं बघितली, की अंदाज करायला पंचनामा लागत नाही.

थोडं यंत्राचं बोलू, कारण 'पत्रा जड म्हणजे गाडी सेफ' हा आपला सगळ्यांत मोठा गैरसमज आहे. गाडी थांबते तेव्हा आतलं माणूस थांबत नाही, ते त्याच वेगानं पुढं जात राहतं. त्याला थांबवायला काहीतरी लागतं. पट्टा असेल तर पट्टा थांबवतो, छाती आणि कमरेची मजबूत हाडं धरून. पट्टा नसेल तर समोरची सीट, काच किंवा दांडी थांबवते. गाडीचं नाक चुरगळलं की आपण म्हणतो, "कसला पत्रा, कागद आहे." पण नाक चुरगळताना धडकेचा जोर खाऊन टाकतं, आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहिला की माणूस वाचतं. नाक अजिबात चेपलं नाही तर तो जोर आत येतो. आडव्या बाकावर तर आणखी वाईट. तिथं माणूस प्रवासाच्या दिशेला खांदा करून बसलेलं असतं. ब्रेक लागला की ते कडेला फेकलं जातं. टेकायला पाठ नाही, अडवायला समोर काही नाही.

आणि कायदा? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १३८(३) वाचा. पट्टा कुणी लावायचा? ड्रायव्हरनं, पुढच्या सीटवरच्यानं, आणि मागच्या 'पुढं तोंड करून असलेल्या' सीटांवरच्या माणसांनी. २०१९ पासून पट्टा नसेल तर हजार रुपये दंड आहे. पण ज्याचं तोंड पुढं नाही, जो आडवा बसलाय, तो त्या वाक्यात बसतच नाही. माझी आज्जी कायद्याच्या वाक्यातही नव्हती.

गाड्या सुधारल्या त्याही पुढनं मागं अशाच क्रमानं. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली २०१९ मध्ये. त्याच्या शेजारच्याची २०२१ मध्ये. सगळ्यांना मिळून सहा एअरबॅगचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, मग तारीख ऑक्टोबर २०२३ वर गेली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरींनी सांगितलं की सक्ती करणार नाही, बाजारातली स्पर्धाच ते करून घेईल. मधल्या काळात ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींचा अपघात झाला. महागडी विदेशी गाडी. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. टाटा समूहाचा माजी अध्यक्ष असो की माझी आज्जी, मागची सीट म्हणजे काळजी नसलेली जागा असं आपण सगळेच समजत आलो.

स्पर्धेनं काही झालंच नाही असं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनसीएपीच्या चाचणीत पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला असे पाच तारे पहिल्यांदाच. त्या चाचणीत ताशी ६४ किलोमीटर वेगानं गाडी आदळतात. त्यानंतर शोरूममध्ये 'तारे किती' विचारणारी माणसं दिसू लागली. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनसीएपी चाचणी सुरू झाली. सुमो मात्र २०१९ ला थांबली. नवे सुरक्षेचे आणि प्रदूषणाचे नियम येत होते, त्यात ती बसेना. पंचवीस वर्षांचा संसार झाला तिचा.

एवढं सगळं मी दादाला सांगितलं. दादानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "तुझं खरं आहे. पण रानात पेंड न्यायची, खताची पोती न्यायची, तर बोलेरोच. गेली वीस वर्षं बघतोय, चिखलात, खडकात कुठं अडत नाही. आणि सात माणसं आहेत आपण. पाचजणांची गाडी घेऊन दोघांना काय डोक्यावर घेऊ?"

त्याचंही चुकीचं नाही. बोलेरो इतकी वर्षं गावात उगीच टिकलेली नाही. ज्याचं काम रानातलं आहे त्याला ती गाडी कळते. पुतण्या मोबाइल पुढं करून म्हणाला, "काका, याच्यात सहा एअरबॅग, त्याच्यात दोन." आई म्हणाली, "मला त्यातलं काय कळत नाही. देवाला जाताना सगळी एका गाडीत असावीत."

मग मी एवढंच विचारलं, "सात जणांची घेऊ. पण मागच्या त्या दोन आडव्या सीटांवर कोण बसणार?"

कुणीच काही बोलेना. पुतण्या मोबाइलमध्ये, दादा बाहेर बघतोय, मी स्वतः खाली बघतोय. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातनं म्हणाली, "मी बसते की. मी आणि धाकटी. आम्हाला सवय आहे."

सवय आहे!

लग्नाला तेवीस वर्षं झाली वहिनीच्या. भाड्याची जीप असो, पाहुण्यांची सुमो असो, देवाची यात्रा असो की लग्नाची खरेदी, ती कायम मागं. तिला कुणी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी मागितलं नाही. त्या रात्री आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमच्या आज्जीलाबी सवय होती."

दुसऱ्या दिवशी दादानंच नेक्सॉन बुक केली. माझ्या भाषणानं नव्हे, आईच्या त्या एका वाक्यानं. खताची पोती शेजारच्या पिकअपमधनं येतील, भाडं देऊ. आणि सात जणांचं काय? आईच म्हणाली, "देवाला दोन खेपा करू. न्हाईतर मी एसटीनं येते, मला तिकीट लागत नाही." खरं आहे, आईला पंचाहत्तरी उलटून वर्ष झालं, २०२२ पासून त्या वयाला एसटी फुकट आहे.

पण एसटी वेळेवर मिळाली तर! आणि इथं विषय आमच्या घरातनं बाहेर येतो. २०२१ च्या दिवाळीत सुरू झालेला एसटीचा संप पाच महिन्यांहून जास्त चालला. त्या काळात ज्या खेपा बंद झाल्या त्यातल्या काही आमच्या गावाला आजतागायत परत आलेल्या नाहीत. महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हाताऱ्यांना फुकट आहे, पण बसायला बस पाहिजे ना? संध्याकाळची खेप नियमित असती, तर वर्षातल्या चार दिवसांसाठी सात सीटांची गाडी घ्यावी असं किती घरांना वाटलं असतं? आडव्या बाकावर माणसं कोंबायची सवय लावली ती गरजेनं, आणि ती गरज त्या रिकाम्या खेपांमधनं आली.

माझं बोलेरोवाल्यांशी, सुमोवाल्यांशी भांडण नाही. ज्याला सात सीटा लागतात त्यानं घ्याव्या. आजही काही गाड्यांत अशी आडवी बाकं मिळतात, आणि तिसरी रांग पुढं तोंड करून असलेल्या, प्रत्येक सीटला पट्टा असलेल्या गाड्याही मिळतात. फक्त शोरूममध्ये जाताना ज्या माणसाला मागं बसायचंय त्याला बरोबर न्या. त्याला आधी मागं बसवा, पट्टा कुठाय ते बघायला सांगा, चढता-उतरता येतंय का बघा. मग अॅव्हरेज विचारा. बहुतेक घरांत ती व्यक्ती बाई असेल, आणि गाडी बघायला तिला आजवर कुणी नेलेलं नसेल.

आणि इथल्या बातमीदार मित्रांना एक विनंती, जी मला स्वतःलाही आहे. पुढच्या अपघाताची बातमी देताना माणूस कुठं बसलं होतं आणि पट्टा होता का, एवढी एक ओळ वाढवा.

गाडी पुढच्या आठवड्यात येईल. पहिली खेप खरसुंडीला. आई, वहिनी, बायको, लेक आणि दादा गाडीत. मी आणि पुतण्या मागनं एसटीनं, मिळाली तर. पुढच्या सीटवर वहिनी बसणार, असं लेकीनं जाहीर केलंय. दादानं अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

तुमच्या घरची पहिली मोठी गाडी कुठली होती? आणि तिच्यात मागं कोण बसायचं? कॉमेंटमध्ये लिहा. गाडीचं नाव नाही लिहिलं तरी चालेल, मागं बसणाऱ्या माणसाचं नातं तेवढं लिहा.